धनजीच्या वाटणीचे गहू

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
६ मे १९६८

तीर्थस्वरूप सुंदरअक्का हिस, कौतिकचा शिरसाष्टांग नमस्कार.

आखाजीच्या सणाला तू आली नाहीस. गुडघे दुखतात हे मान्य, पण पाचोऱ्याच्या छोट्या गाडीला तुझ्या गुडघ्यांशी काय देणंघेणं? झोके घ्यायला थोडंच बोलावलं होतं? पितरांची घागर भरताना घरातलं एखादं माणूस जवळ असावं, एवढंच. मी आणि कुंदा, दोघंच होतो. तिने सांजोऱ्या केल्या आणि मी निखाऱ्यावर घास टाकत एकेकाचं नाव घेतलं. बापाचं घेतलं, आजोबांचं घेतलं, पणजोबांचं घेतलं. मग धनजीचं ओठावर आलं आणि गिळलं.

तुला सगळं ठाऊक आहे, पण माणूस म्हातारा झाला की ठाऊक असलेलंच पुन्हा सांगत बसतो. पणजोबांचा हा धाकटा भाऊ भांडून घरातून गेला, त्याला शंभराच्या वर वर्षं झाली. मेल्याचा निरोप आला नाही, म्हणून त्याची घागर भरायची नाही. आणि मेला नाही म्हणजे जिवंत! म्हणून श्रावणात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचे, त्यात त्याचीही मूठ काढायची. गावातले भाऊबंद वेगळे झाले आणि त्यांनी त्याला केव्हाच सोडून दिला. तो राहिला आपल्याच गळ्यात. आज कानबाईच्या हिशेबाने माझ्या घरात पुरुष दोन. एक मी, पेन्शनीत निघालेला मास्तर, आणि एक धनजी, दीडशेच्या घरात पोचलेला. परक्या कुळाच्या माणसाला रोट चालत नाही, त्यामुळे त्याच्या वाटणीचे कुंदा आणि मी पुढचे चार दिवस चावत बसतो.

हसू नकोस. मला मुलगा नाही. माझ्यामागे त्याची मूठ कोण काढणार? म्हणून ठरवलंय, शोधायचा. कुठे गेला आणि कुठे मेला एवढं कळलं की त्याची घागर भरतो आणि मोकळा होतो. वंशावळ ठेवणाऱ्या आपल्या भाटाला गाठलं, त्याच्या पोथीत धनजीच्या नावापुढे काही नाही. ट्रंकेतले आजोबांचे कागद काढले, त्यांना वाळवी. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांना लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की दक्षिणा पाठवा, मग पाहू. आता गावाकडे, दोंडाईच्याला जाऊन म्हाताऱ्या ताईबाईला विचारतो. आपल्या घरात तिच्याहून जुनं कोणी उरलेलं नाही.

कुंदाचं विचारू नकोस. नंदुरबारच्या स्थळाने विचारलं, मुलीचा पगार तुमच्याकडे राहील की आमच्याकडे. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माझ्याकडे." संपलं. परवा मला म्हणते, "नाना, आता फोटो काढायला मी जाणार नाही. जुनाच पाठवत जा, नाहीतरी कोणी नीट बघत नाही." हे ती रागाने म्हणाली असती तर बरं होतं. पाटीवरचं पुसावं तसं म्हणाली. मलाही आता कंटाळा आलाय अक्का. लोकांच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि पोरीची उंची सांगायची, याचा.

तुझा,
कौतिक


॥ श्री ॥
पहूर
२१ मे १९६८

चि. कौतिकभाऊ यास सुंदरचे अनेक आशीर्वाद.

गाडीला गुडघे नसतात, पण गाडीत चढायला लागतात ना रे मास्तर? आयुष्यभर पोरांना अक्कल वाटलीस, स्वतःला थोडी ठेवायची होतीस.

बठ्ठा जलम त्या धनजीत घाल तू! मेलेल्याच्या मागे दोंडाईच्यापर्यंत जाशील आणि घरातली जिती पोर वाळून चाललीय तिच्याकडे बघवत नाही तुला. बघवत नाही हे मला कळतं, म्हणून तर शोधायला दुसरं कोणी काढलंस.

आता मी काय सांगते ते ऐक. माझे दीर भटूभाऊ, त्यांचा थोरला रुपचंद. तू त्याला पाहिलंस ते तुझ्या दाजींच्या तेराव्याला, तेव्हा तो पंगतीत वाढत होता. पाचोऱ्याच्या शाळेत शास्त्र शिकवतो. तिशी ओलांडलीय. एवढे दिवस का राहिला म्हणशील, तर आई अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं त्याने केलं, आणि कुठल्या मुलीला त्या खाटेपाशी आणून उभं करायचं त्याच्या जिवावर आलं. माघात जाऊबाई गेल्या, सुटल्या. पोरगा दिसायला बेताचा, बोलायला कमी. पण चहा प्यायला की कप स्वतः विसळून पालथा घालतो. मी पाहिलंय. पुरुषाच्या जातीत हे मी दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही, तुझ्यात तर नाहीच.

कुंदाची नोकरी, तिचा पगार, कोणी विचारणार नाही. भटूभाऊंशी मी बोलून ठेवलंय. त्यांना चालेल. भाऊ, मलाही फार दिवस दिसत नाहीयेत. आपली पोर डोळ्यासमोर नांदताना दिसली तर माझे दुखरे गुडघेही गप्प बसतील.

धनजीला राहू दे जिथे बसलाय तिथे.

तुझी अक्का


॥ श्री ॥
देवपूर
१४ जून १९६८

ती. अक्कास नमस्कार.

भटूभाऊ आणि रुपचंद रविवारी येऊन गेले. मी नेहमीसारखा उंची-शिक्षण सांगायला लागलो तर रुपचंद म्हणाला, "मामा, त्यांना काही विचारायचं असेल तर आधी त्यांनी विचारावं." कुंदाने विचारलं, "बेडूक कापायला मुलांना लावता का?" तो म्हणाला, "नाही. मलाच कापवत नाही, फळ्यावर काढून दाखवतो." यात हसण्यासारखं काय होतं मला समजलं नाही, पण ती आत गेली आणि स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. अक्का, या घरात तो आवाज होता हे मी विसरून गेलो होतो. कप त्याने विसळला. पालथाही घातला.

आमच्याकडून होकार समज. मार्गशीर्षात करू.

आता माझी दुसरी बातमी. ताईबाईला भेटलो. डोळे गेलेत, कानही गेलेत, पण धनजी म्हटल्याबरोबर उठून बसली. म्हणाली, "एकच बैल लिसनी गया भो तो. मरी गया का जित्ता शे, कोणले ठाऊक!" तिला तिच्या सासूने सांगितलेलं. दोघा भावांचं वाटणीवरून वाजलं, थोरल्याने बैलजोडीच फोडली. एक तुझा, एक माझा. आता एका बैलाने शेत कसं करायचं? ना नांगर, ना पाभर. धनजीने आपला बैल सोडला, अजिंठ्याच्या डोंगराकडे तोंड केलं आणि गेला. मागे वळला नाही. पणजोबा नंतर पाच-सहा वर्षं दर हाटाला त्याची चौकशी करत हिंडले म्हणे. उरलेल्या बैलाला त्यांनी जोडीदार कधी आणला नाही.

हे ऐकून मी परतीच्या गाडीत पोरासारखा रडलो. कंडक्टरने विचारलं, बाबा, कोण गेलं?

अजिंठ्याचा डोंगर म्हणजे तुमचाच जामनेरचा भाग. तुमच्याकडे एका बैलाने आलेल्या माणसाची गोष्ट कोणी सांगतं का? भटूभाऊंना विचारून बघ.

कौतिक


पहूर
२७ जून १९६८

चि. कौतिकभाऊ,

होकार पोचला, भटूभाऊंनी पेढे वाटले. साखरपुड्याची तारीख लगेच कळव, लांबवू नकोस.

बैलाचं काय विचारतोस? जगात बैलच बैल आहेत. जामनेर तालुक्यात माणसं कमी आणि बैल जास्त. भटूभाऊंना असलं काही विचारायचं नाही, ते आधीच पेरणीच्या घाईत आहेत. मला हात दुखतोय म्हणून जास्त लिहीत नाही.

तू आता म्हातारा झालास. म्हाताऱ्याने जप करावा.

अक्का


॥ श्री ॥
देवपूर
१५ जुलै १९६८

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र वाचून काळजी वाटली. एवढं तुटक तू कधी लिहीत नाहीस. हाताला एरंडाचं पान गरम करून बांध.

मला फार जड जातंय, पण लिहायला हवं.

परवा रुपचंद आला होता. कुंदाला शाळेसाठी झाडापानांचं कसलं पुस्तक हवं होतं, ते घेऊन. बोलता बोलता मी सहज विचारलं, पोळ्याला तुमच्याकडे काय काय करतात? पोरगा सरळ मनाने सांगायला लागला. म्हणाला, आमच्या घराची एक गंमत आहे मामा. गावात सगळे बैलांची जोडी पूजतात, आमच्याकडे जोडीच्या आधी एकटा बैल उभा करून ओवाळतात. आमचा मूळपुरुष धनाबुवा एकाच बैलाने आला होता. पहुरात एका शेतकऱ्याचा एक बैल रोगाने मेलेला. त्याचा एक आणि याचा एक मिळून दोघांनी सावड केली, नांगर चालवला. पुढे त्याच शेतकऱ्याने मुलगी दिली, आणि मुलगा नव्हता म्हणून आपल्या कुळातही घेतलं.

अक्का, सापडला! मी उठून उभाच राहिलो. म्हणायचं होतं, अरे, तू तर माझा... आणि तेवढ्यात कुंदा दोन कप घेऊन बाहेर आली. आपल्यासाठी आणलेला कप तिने त्याच्यापुढे ठेवला. मी खाली बसलो.

माझा भाऊबंद. म्हणजे कुंदाचा भाऊ. भाऊबंदकीत पोर कशी देऊ? कायद्याने चालतं, मी वकिलाला विचारून आलो, पिढ्या पुरेशा झाल्यात. पण कायदा काही पंगतीला येऊन बसत नाही. उद्या कोणी म्हणालं की कौतिक मास्तराने पोर घरातल्या घरात दिली, तर तोंड कुठे लपवू? कुंदाला अजून सांगितलेलं नाही. ती पडद्यांचं कापड बघतेय.

भटूभाऊंना काय सांगायचं ते तूच ठरव. पत्रिका जमत नाही म्हण. वेळेत कळलं हेच नशीब. आपल्या घरात असलं कधी झालेलं नाही.

कौतिक


पहूर
२२ जुलै १९६८

कौतिक,

"आपल्या घरात असलं कधी झालेलं नाही." हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग मी रे कोण? मला काय विहिरीत ढकललं होतं आपल्या बापाने? याच घरात दिलं ना? याच धनाबुवाच्या घरात? एवढा मोठा मास्तर तू, धनजी सापडला म्हणून नाचलास, कुंदाचं मोडलंस, भटूभाऊंना काय सांगायचं तेही ठरवलंस. आणि तुझी सख्खी बहीण चाळीस वर्षं त्याच घरात कुंकू लावून राहिली, हे तुझ्या टाळक्यात आलं नाही!

आता ऐक. मी नवी नवरी होते तेव्हाचा पहिला श्रावण. सासूबाई कानबाईचे गहू काढत होत्या, मी सूप धरून उभी. सासऱ्यांची मूठ झाली, दिरांची झाली, यांची झाली. सगळी उजव्या हाताने. आणि शेवटी त्यांनी डाव्या हाताने एक मूठ काढली. मी विचारलं, ही कोणाची? म्हणाल्या, मागे राहिलेल्या घराची. धनाबुवा मरताना सांगून गेला, माझ्या थोरल्या भावाची मूठ चुकवू नका. त्याचं नाव काय, गाव काय, काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, डाव्या हाताने काढा, माझा राग गेलेला नाही.

भाऊ, मी सूप खाली ठेवून दिलं. सासूबाईंना वाटलं पोरीला भूक लागली. मला तेव्हाच सगळं कळलं. तिकडे आपली आई गेलेल्याची मूठ काढायची, इकडे माझी सासू राहिलेल्याची. शंभर वर्षं दोन्ही घरं एकमेकांना जेवायला वाढताहेत, आणि कोणाला कोणाचा पत्ता नाही.

सांगून काय झालं असतं? मला माहेरी पाठवलं असतं, नाहीतर शुद्ध करून घ्यायला भट बोलावले असते. तुझे दाजी भला माणूस होता. मला त्यांना सोडायचं नव्हतं. म्हणून तोंड मिटलं. त्याच श्रावणात माहेरपणाला आले तेव्हा आईच्या रोटाचा तुकडा तोंडात टाकला. आईने हातावर चापट मारली, "परक्या कुळाची झालीस ना गं आता!" मी चावत राहिले. म्हटलं, बघू या कानबाई काय करते. काही केलं नाही तिने. मला चार पोरं झाली, चारही धडधाकट. धाकट्याचा हेकटपणा तेवढा तुझ्यावर गेलाय. आणि धनाबुवाला सासऱ्याने आपल्या कुळात घेतला, देवक बदललं. मग भाऊबंद कसले राहिले? पण हे तुझ्या पंगतीतल्या लोकांना कोण समजावणार, आणि कशाला?

मी स्थळ आणलं ते सगळं जाणून आणलं. मला त्यात पाप दिसलं नाही, अजून दिसत नाही.

आता तू ठरव. धनजी पहुराला आला असेल, तर माझा संसार काय होता ते मला लिहून कळव आणि कुंदाला पडद्याचं कापड परत करायला सांग. धनजी अजून सापडला नसेल, तर तारीख कळव. मी थकले रे भाऊ. मला आता भांडवत नाही.

सुंदर


॥ श्री ॥
देवपूर
७ ऑगस्ट १९६८

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार. हा नमस्कार नेहमीचा नाही, खरंच पायावर डोकं ठेवतोय असं समज.

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही.

रविवारी कानबाई बसवली. गहू निवडून ठेवले होते. कुंदाने सूप धरलं. मी माझी मूठ काढली आणि थांबलो. मनात आलं, आता दुसरी कोणासाठी? तो कुठे गेला मला ठाऊक, कुठे मेला ठाऊक, कोणाच्या सावडीने पोट भरलं तेही ठाऊक. या आखाजीला ज्याचं नाव गिळलं ते पुढच्या आखाजीला मोठ्याने घेता आलं असतं. साऱ्या आयुष्यात एवढं एकच काम मी नीट तडीला नेलं होतं गं. आणि ते कोणाला सांगता येणार नाही.

कुंदा म्हणाली, "नाना, धनजीआजोबांची राहिली."

मी काढली. सव्वा मूठ, कमी नाही. तिला म्हटलं, "हो गं, तो अजून आलेला नाही ना."

भाटाला कळवून टाकलं की काही लागलं नाही, शोध सोडला. वाळवी खाल्लेले कागद परत ट्रंकेत टाकले. पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या मी जन्मभर, त्या सगळ्या या आठवड्यात माझ्याच पाठीवर उठल्या. उठू देत. धनजी सापडलेला नाही. तुझा संसार संसारच होता, आणि दाजी माझे दाजीच होते. तारीख मार्गशीर्षातली, पत्रिका छापायला देतो.

एकच गोष्ट सलते. त्याची मूठ मी असेपर्यंत निघेल. पण मी गेलो की या घरातलं सूप रिकामं. त्याची तर नाहीच, माझीही निघणार नाही. असो. पोरीचं झालं, हे पुष्कळ झालं. दमलोय. रोट अजून शिल्लक आहेत.

कौतिक


पहूर
२७ ऑगस्ट १९६९

चि. कौतिकभाऊ यास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड महिनाभर नाही. धुळ्याहून आलेला माणूस म्हणाला, मास्तरांची धाप वाढलीय, जिना चढवत नाही. कुंदाला मी अर्धंच सांगितलं. परवा शाळेला सुट्टी आहे, रुपचंद तिला घेऊन येईल. ती आली की डॉक्टरकडे मुकाट्याने जा, तिच्याशी वाद घालू नकोस.

परवाच्या रविवारी आमच्याकडे कानबाई झाली. माझ्याच्याने आता खाली बसवत नाही, म्हणून गहू काढायला मी कुंदाला बसवलं आणि सूप मी धरलं. एकेकाचं नाव सांगत गेले, ती मुठी काढत गेली. सगळ्यांच्या झाल्यावर म्हटलं, आता एक डाव्या हाताने काढ. तिने विचारलं, "आत्या, ही कोणाची?" मी म्हटलं, मागे राहिलेल्या घराची. आपण जिथून आलो त्या घराची. आमच्याकडे ही चुकवत नाहीत.

तुझीच पोर ती, तिला किती कळलं आणि किती नाही, मला सांगता यायचं नाही. मी विचारलंही नाही. तिने डाव्या हाताने मूठ भरली, आणि पुन्हा ताटात सोडून दिली. मला वाटलं चुकली. मग तिने पदर सावरला आणि उजव्या हाताने भरली. शिगोशीग.

सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या. मी सूप पुढे केलं. शंभर वर्षं झाली, राग तरी किती धरायचा?

म्हणून लिहिते, भाऊ. तुझी मूठ इथे निघते. तुझ्यामागेही निघत राहील. सूप रिकामं राहायचं नाही.

रोट यंदा गोड झाले होते. तू तुझ्या आणि धनजीच्या वाटणीचे एकट्याने संपवलेस का, ते कळव.

तुझी अक्का